तलावाचा प्राण काठाशी

(पक्षी सप्ताहाच्या निमित्ताने ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्या एकत्रित वर्गात जिल्हा माहिती कार्यालयातील एका अधिकाऱ्याने केलेले भाषण)



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा सप्ताह महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. राज्य शासनाने २०२० साली तसा निर्णय घेतला. या तारखा सहज निवडलेल्या नाहीत. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यात आपल्यातून गेले. आपल्या मेळघाटातही त्यांनी वनाधिकारी म्हणून सेवा केली होती. वनातील माणसांच्या तोंडचे शब्द वेचून त्यांनी मराठीचे भांडार समृद्ध केले. तेव्हा आजच्या बोलण्याचा आरंभ त्यांच्या स्मरणाने करणे उचित होईल.

वऱ्हाडात कोणालाही विचारा, अभयारण्य कोठे आहे? उत्तर एकच येते : मेळघाट. ते स्वाभाविकच आहे. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत मेळघाटाचा समावेश होता. वाघ, गवा, सागवान आणि गाविलगडाचे डोंगर यांचे आकर्षण मोठे आहे. परंतु या कीर्तीमुळे एक गैरसमज आपल्या मनात घर करून बसला आहे. वन्यजीव म्हणजे डोंगरातील जनावर, आणि त्याचा आपल्या गावाशी काही संबंध नाही, असे आपण मानतो. आज मी आपल्याला डोंगरात नेणार नाही. मी आपल्याला पाण्याच्या काठावर नेणार आहे. तो काठ बहुधा आपल्याच गावच्या शिवारात आहे.

काटेपूर्णेचे पाणी

अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्याने निघाले की बार्शिटाकळी तालुक्यात महान हे गाव लागते. तेथे काटेपूर्णा नदीवर धरण आहे. नदी वाशीम जिल्ह्याच्या पठारावर उगम पावते, उत्तरेकडे वाहते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे तापीला मिळते. धरणाच्या वरच्या अंगाला, जलाशयाच्या भोवती, साग, सालई, धावडा, खैर, तेंदू, मोह आणि पळस यांचे पानगळीचे जंगल आहे. जलाशय आणि जंगल मिळून सुमारे ७३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८८ साली काटेपूर्णा अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्या वेळी हा सर्व प्रदेश अकोला जिल्ह्यातच होता. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि अभयारण्य दोन जिल्ह्यांत विभागले गेले.

या जंगलात चौसिंगा आहे, भेकर आहे, रोही आणि रानडुक्कर आहेत. बिबट्या आहे. चौसिंगा हा भारतीय उपखंडातच आढळणारा लहानखुरा प्राणी. नराच्या डोक्यावर चार शिंगे असतात. असे जिवंत रानटी जनावर जगात दुसरे नाही. चौसिंग्याला नेमाने पाणी लागते, म्हणून तो पाण्यापासून फार दूर राहत नाही. वैशाखात वऱ्हाडचे तापमान पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते, नाले कोरडे पडतात. तेव्हा जंगलातील सारे जीवन या जलाशयाच्या काठाशी येऊन थांबते.

पण मित्रहो, या काठाशी केवळ जनावरेच येऊन थांबत नाहीत. अकोला शहरही येऊन थांबते. शहराला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपण सर्वजण जाणता. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांत विहीर खोदली तरी पाणी खारट लागते. तेथे जमिनीखालचे पाणी असून नसल्यासारखे आहे. खांबोऱ्याच्या चौसष्ट खेडी योजनेचा आधार काटेपूर्णाच आहे. धरणाचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर. ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो त्या वर्षी सिंचनाच्या पाळ्या थांबवून हा साठा पिण्यासाठी राखावा लागतो. म्हणजे चौसिंगा, पट्टकादंब हंस, अकोल्यातील गृहिणी आणि खारपाणपट्ट्यातील शाळकरी मूल हे सारे एकाच भांड्यातील पाणी पितात. ते भांडे कसे राखावे, हाच आजचा विषय आहे.

माणसाने केलेल्या पाणथळी

वऱ्हाडाच्या काळ्या मातीत नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. लोणारचे सरोवर हा एकमेव थोर अपवाद. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात ते विवर निर्माण झाले. त्याचे खारे आणि अल्कधर्मी पाणी २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, हे आपल्याला स्मरत असेल. त्याच वर्षी लोणारची नोंद रामसर स्थळांच्या जागतिक यादीत झाली.

इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ प्रदेशांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या कराराने पाणथळीची जी व्याख्या केली ती ध्यानात घेण्याजोगी आहे. पाणथळ नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा हंगामी, ती पाणथळच होय. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले ते नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर. तेथे तरी काय आहे? ब्रिटिश अमदानीत गोदावरीवर बांधलेला एक बंधारा. त्याच्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली, पाणकणीस वाढले, आणि हजारो पक्षी उतरू लागले. माणसाने बांधले आणि निसर्गाने स्वीकारले.

आपल्याकडेही हेच घडले आहे. काटेपूर्णा आहे, अकोल्याजवळचा कापशी तलाव आहे. अमरावतीचे वडाळी व छत्री तलाव शंभराहून अधिक वर्षांचे आहेत. मालखेड, केकतपूर, शेवती यांसारखे जलाशय पक्षिनिरीक्षकांना सुपरिचित आहेत. मोर्शीजवळ अप्पर वर्धा आहे. यांपैकी एकही पक्ष्यांसाठी बांधलेला नाही. ते पिण्यासाठी आणि शेतीसाठी बांधले गेले, आणि पक्षी आपणहून आले.

येथे एक कायद्याची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या जबाबदारीशी निगडित आहे. अभयारण्याच्या हद्दीतील जलाशयाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. हद्दीबाहेरील पाणथळींसाठी केंद्र शासनाचे २०१७ चे नियम आहेत. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे वऱ्हाडातील बहुतेक तलावांवरील पक्ष्याला मारणे हा गुन्हा आहे, पण त्या पक्ष्याचा काठ मोडणे हा बहुधा गुन्हा नाही. तो काठ राखायचा की मोडायचा, हे अखेर पाटबंधारे खात्याच्या शाखेत, ग्रामपंचायतीच्या सभेत आणि आपल्या विवेकात ठरते.

पाण्याचे वर्ष

तलावाचे एक वर्ष कसे जाते ते आपण पाहू. श्रावण-भाद्रपदात तलाव भरतो. पाणी गढूळ असते, काठ बुडालेले असतात. या काळात पाणपक्षी थोडेच दिसतात. कमळपक्षी कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालत असतो, टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते, आणि हळदी-कुंकू बदकाची जोडी लव्हाळ्यात पिलांना घेऊन दडलेली असते. चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके आणि टोकाला हळद, म्हणून हे नाव. आपल्या लोकांनी पक्ष्यांना किती जवळून पाहिले होते, याची ती साक्ष आहे. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्याला आपण वारकरी म्हणतो, तेही तसेच.

आश्विन-कार्तिकात पाणी निवळते. रब्बीची पहिली पाळी सुटते, आणि तलाव हळूहळू ओसरू लागतो. येथूनच खरा सोहळा सुरू होतो. पाणी रोज थोडे मागे सरते आणि ओल्या चिखलाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. त्या चिखलात गोगलगायी, किडे, अळ्या आणि गवताचे बी असते. लडाख-तिबेटकडून चक्रवाकाच्या जोड्या उतरतात. थापट्या आपल्या फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातो. तलवार बदक शेपटी वर करून डोके बुडवते. शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांवर उथळ पाण्यात उभा असतो. प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची, पाय वेगळ्या उंचीचे, म्हणून प्रत्येकाची जागाही वेगळी. दोन बोटे पाणी एकाचे, वीतभर पाणी दुसऱ्याचे, आणि खोल पाणी पाणकावळ्याचे.

मार्गशीर्ष-पौषात पट्टकादंब हंस दिसतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, ही त्यांची खूण. मध्य आशियातील पठारांवर त्यांची वीण होते, आणि हिवाळ्यात ते हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर यंत्रे बसवून मोजले असता सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाणाची नोंद झाली. मंगोलियात गळपट्टा घातलेले हंस विदर्भातील तलावांवर दिसल्याच्याही नोंदी आहेत. जो पाहुणा हिमालयावरून येतो, त्याला आपल्या गावचा तलाव ठाऊक असतो. आपल्याला मात्र तो पाहुणा बहुधा ठाऊक नसतो.

फाल्गुनात पाहुणे परततात. चैत्र-वैशाखात तलाव आक्रसतो, मध्ये उंचवटे आणि बेटे उघडी पडतात. नदी सुरय आणि पाणभिंगरी उघड्या वाळूत किंवा सुकलेल्या गाळावर अंडी घालतात. घरटे म्हणून काही नसते. एक उथळ खळगा, आणि त्यात मातीच्याच रंगाची अंडी. टिटवीचेही तसेच. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असे आपले शेतकरी मानतात. ते खरे की खोटे, हे मी सांगणार नाही. परंतु असे मानणारा शेतकरी टिटवीची अंडी कोठे आहेत ते पाहून ठेवत असे आणि नांगर वळवून नेत असे, हे महत्त्वाचे आहे. आज नांगराची जागा यंत्राने घेतली आहे, आणि यंत्राच्या चालकाला आसनावरून ती अंडी दिसत नाहीत.

या वर्षचक्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. शेतीला पाणी सोडल्याने पक्ष्यांचे नुकसान होत नाही. उलट, पाळ्यांनी सावकाश ओसरणारे पाणीच त्यांच्यापुढे ताट वाढते. शेतकरी आणि पक्षी यांचे पाण्यावरून मुळात भांडण नाही. बिघाड होतो तो काठाच्या वापरात.

एक कबुली

आता मी आपल्यासमोर एक कबुली देणार आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या तलावाच्या सुशोभीकरणाची वार्ता मी लिहिली होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. तलावातील गाळ काढून तो खोल केला होता. चारही बाजूंनी उभी दगडी बांधणी केली होती. काठावरील बाभळी, लव्हाळे आणि पाणकणीस साफ केले होते. भोवती फिरण्यासाठी वाट आणि बसण्यासाठी बाके होती. छायाचित्र सुंदर आले. मी मोठ्या उत्साहाने लिहिले की, या तलावाचा कायापालट झाला आहे.

पुढे कामानिमित्त त्याच रस्त्याने जाणे झाले, म्हणून मी तेथे थांबलो. बाके होती, वाट होती. पाण्यावर हिरवी साय धरली होती आणि वास येत होता. पक्षी म्हणून दोन बगळे होते. काठावर एक वृद्ध भोई जाळे विणत बसले होते. मी विचारले, बाबा, मासळी कशी आहे? ते म्हणाले, "साहेब, याले आता तयं म्हनू नका. हा हौद झाला. हौदात मासा राह्यते, वाढत नाही."

त्या एका वाक्याने मला माझ्या लेखाची चूक दाखवली. तलाव आणि हौद यांत भेद कशाचा? पाणी दोहोंत असते. भेद काठाचा आहे. हौदाला भिंत असते, तलावाला काठ असतो. काठ म्हणजे जमीन हळूहळू पाणी होत जाते तो उताराचा पट्टा. त्या पट्ट्यात प्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून तेथे वनस्पती उगवतात. पाणकणीस, लव्हाळे, नागरमोथा, कमळ, शिंगाडा आणि पाण्यात बुडालेल्या नाना वनस्पती. शिवारातून वाहून येणारी माती त्यांच्या देठांत अडते. खतांतील नत्र आणि स्फुरद त्यांची मुळे शोषून घेतात. काठच्या चिखलातील जिवाणू नत्राचे रूपांतर वायूत करून ते हवेत सोडतात. हा पट्टा काढून टाकला की तीच खते थेट पाण्यात उतरतात आणि पाण्यावर हिरवी साय धरते. ज्या तलावाचे पाणी आपण पितो, त्याच्या काठचे लव्हाळे म्हणजे फुकट मिळालेले गाळणीयंत्र होय.

मासळीचेही तसेच. रोहू आणि कटला यांची वीण साचलेल्या पाण्यात सहसा होत नाही, म्हणून त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. परंतु मरळ, जिला बाजारात चांगला भाव येतो, ती काठच्या वनस्पतींत अंडी घालते आणि नर-मादी पिलांची राखण करतात. काठ गेला की मरळीचे घर गेले. त्या वृद्ध भोयाने हेच सांगितले, आणि ते त्यांनी कोणत्याही अहवालाविना सांगितले.

काठावर जे जे हिरवे तेच सारे चांगले, असे मात्र नाही. बेशरम ही उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली वनस्पती. आपल्या अनेक तलावांच्या कडेने तिने रान माजवले आहे. जलपर्णीही तशीच परकी. या दोन्ही वनस्पती स्थानिक वनस्पतींना जागा ठेवत नाहीत. भंडारा-गोंदिया भागातील जुन्या मालगुजारी तलावांत काही मच्छीमार संस्थांनी बेशरम उपटून काढली, चिखलात स्थानिक पाणवनस्पती लावल्या, आणि मासळी व पक्षी परत आल्याचा अनुभव घेतला. हे काम यंत्राने होत नाही. वनस्पती ओळखणाऱ्या माणसांनीच ते करावे लागते, आणि भोई-ढीवर समाजातील स्त्रीपुरुषांना ती ओळख पिढीजात आहे.

गाळपेर, हरभरा आणि जाळे

येथवर माझे बोलणे आपल्याला पटले असेल, तरी आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न असेल. काठ राखायचा, पण काठावर पोट असलेल्या माणसाचे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल.

पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन म्हणजे गाळपेर. ती पाटबंधारे खाते मुदतीने कसण्यास देते. ज्यांची स्वतःची जमीन धरणात गेली, किंवा ज्यांना जमीनच नाही, अशा कुटुंबांना हरभरा, गहू, टरबूज आणि काकडी यांचे हे एक पीक मोठा आधार असते. गाळपेर बंद करा, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु पाण्याच्या अगदी रेषेपर्यंत नांगरणी झाली तर चिखलाचा पट्टा नाहीसा होतो. त्याहून गंभीर म्हणजे, तेथे मारलेले कीटकनाशक पुढच्या पावसात थेट जलाशयात उतरते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही घटना आपण विसरलेलो नाही. ज्या औषधाने फवारणारा माणूस दगावू शकतो, ते पिण्याच्या पाण्याच्या काठाशी वापरावे काय, याचा विचार पक्ष्यासाठी नको, आपल्या मुलांसाठी करावा.

दुसरी तक्रार हंसांची. हे हंस रात्री शेतात उतरून हरभऱ्याचे आणि गव्हाचे कोंब खातात. ज्याचे शेत काठाशी आहे त्याचे नुकसान खरे आहे, आणि त्याला पक्षिप्रेमाचा उपदेश करणे हे मीठ चोळण्यासारखे होईल. पण पाण्याच्या कडेचा गवताळ, ओला पट्टा जेथे शिल्लक असतो तेथे हंसांना चरण्यास दुसरी जागा असते. तो पट्टा नांगरला की त्यांना शेताखेरीज काही उरत नाही. रेषेपासून थोडे अंतर सोडणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट जाळ्यांची. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर मासळीही निघते आणि उद्याचे उत्पन्न आज संपते. रात्रभर सोडून दिलेल्या जाळ्यांत बुडी मारणारे पक्षी गुदमरून मरतात. पाणकावळा मासे खातो म्हणून मच्छीमार त्याच्यावर रागावतो. परंतु जाणता मच्छीमार हेही सांगेल की, ज्या तलावावर पाणकावळा नाही त्या तलावात मासळीही नाही.

आपल्या हातातील कामे

आपण सर्वजण काम करणारी माणसे आहात, म्हणून शेवटी कामाचेच बोलतो.

पंचायत सदस्यांना पहिली विनंती. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही कपाटात आहे. ती एकदा उघडून पाहावी. तिच्यात आपल्या तलावाचे पान आहे काय? काठावर कोणती वनस्पती, कोणता मासा, कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, ही माहिती भोई, गुराखी आणि वयस्क स्त्रिया यांच्याकडून लिहून घ्यावी. जे लिहिलेले नाही त्याच्या बाजूने सभेत कोणी बोलत नाही.

दुसरी विनंती गाळ काढण्याविषयी. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तलावाची क्षमता वाढते आणि शेताला कसदार माती मिळते, म्हणून ती उपयुक्तच आहे. २०२२ नंतर अमृत सरोवरेही झाली. या कामांना विरोध करण्याचे कारण नाही. एवढेच पाहावे की, मध्यभाग खोल करावा, परंतु निदान एका बाजूचा सौम्य उतार तसाच राखावा. एखादा उंचवटा बेट म्हणून सोडावा. सगळा काठ दगडाने बांधू नये. आणि चैत्र-वैशाखात यंत्र लावण्यापूर्वी एकदा पायी फिरून यावे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर तेथे अंडी किंवा पिले आहेत असे समजावे आणि तेवढी जागा काही आठवडे सोडावी. यात शासनाचा एक रुपयाही जास्त खर्च होत नाही.

शिक्षकांना तिसरी विनंती. वर्गाला वर्षातून चार वेळा तलावावर न्यावे : भाद्रपदात, कार्तिकात, पौषात आणि चैत्रात. दुर्बीण नसली तरी चालेल. मुलांनी पाण्याची रेषा कोठे आहे ते खुंटी ठोकून नोंदवावे, पक्षी मोजावेत आणि त्यांची गावातील नावे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणावीत. जानेवारीत आशियातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. आपल्या शाळेची वही तिच्या जोडीला ठेवता येईल. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की त्या शाळेजवळ असे ज्ञान असेल की जे जिल्ह्याच्या कार्यालयातही नाही.

अधिकारी मित्रांना चौथी विनंती, आणि ती मला स्वतःलाही आहे. तलावाच्या कामाची पाहणी एकाच दिवशी करून अहवाल लिहू नये. काम झाल्यावर दोन पावसाळे जाऊ द्यावेत, पुन्हा जावे, आणि काठावर बसणाऱ्या माणसाला विचारावे. मी ते केले नव्हते. ते केले असते तर माझा लेख थोडा उशिरा छापला गेला असता, परंतु तो खरा झाला असता.

मित्रहो, अभयारण्याची हद्द नकाशावर शाईने काढता येते. पाणी, पक्षी आणि मासळी यांना ती हद्द ठाऊक नसते. काटेपूर्णेवर उतरलेली चक्रवाकाची जोडी उद्या कापशीला जाईल आणि परवा आपल्या गावच्या पाझर तलावावर दिसेल. अभयारण्यात तिचे रक्षण वनरक्षक करील. आपल्या तलावावर ते कोणी करायचे, हे आपण ठरवावयाचे आहे.

येत्या आठवड्यात एका पहाटे आपल्या तलावावर जावे, एवढेच माझे मागणे आहे. सूर्य उगवण्याच्या आधी पोचावे आणि काठापासून थोडे दूर, शांतपणे बसावे. काय दिसते ते पाहावे. आणि ग्रामसभेत पुढच्या वेळी तलावाचा विषय निघेल तेव्हा पाणी किती आहे हे जरूर विचारावे. पण त्याबरोबर काठ किती उरला आहे, हेही विचारावे.